सतरा नंबरची सहल

रविवार, २ नोव्हेंबर

सेठने दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर ही डायरी दिली. दरवर्षी देतो आणि दरवर्षी तिच्यात मशीनच्या पार्टचे नंबर लिहून मी तिची वाट लावतो. यंदा तसं करणार नाही. डायरी पुढच्या सालची आहे, म्हणून छापील तारखा खोडून वर माझ्या लिहितोय.

कारण तसंच आहे. आज आम्ही बदलापूरला आलो. स्वतःचं घर, पाचवा मजला, लिफ्ट चालू! उल्हासनगर कॅम्प तीनच्या दहा बाय बारात माझा जन्म गेला. तिथल्या जीन्सच्या कारखान्यांत शिलाई मशीन दुरुस्त करून हे घर उभं केलं, असं मी आज पाहुण्यांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा आई म्हणाली, "विक्रांता, शीलाच्या पगाराचा हप्ता पण सांग की." सांगितला. शीला कॅम्प तीनमध्येच एका मेडिकलच्या काउंटरला आहे.

आमू, म्हणजे आमची आम्रपाली, सातवीत. गॅलरीत उभी राहून म्हणाली, "इथून शाळा दिसत नाही." मी म्हटलं, नवीन शाळा मागच्या खिडकीतून दिसते. ती म्हणाली, "ती नाही."

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज एका दिवसात दोन कामं उरकली. सकाळी जुन्या शाळेत जाऊन आमूचा दाखला काढला, दुपारी बदलापूरच्या शाळेत नेऊन दिला. इथला क्लार्क म्हणाला, "अहो, एवढी काय घाई होती? डिसेंबरअखेरपर्यंत दिला असता तरी चाललं असतं." म्हटलं, साहेब, मी मेकॅनिक माणूस, काम लटकत ठेवत नाही.

शीलाचं म्हणणं वेगळं होतं. "अहो, सहल तेवढी होऊ द्या, मग काढा दाखला. दीड महिन्याचा तर प्रश्न आहे. माझ्याबरोबर येईल-जाईल रोज." बायकांना प्रत्येक गोष्ट पुढे ढकलायची सवय. सहलीचे एकोणीसशे रुपये दिवाळीच्या आधीच भरलेत, पावती कपाटात आहे. पैसे भरले की जागा पक्की, त्यात दाखल्याचा काय संबंध?

आमूला नवीन शाळेत अठ्ठावन्न नंबर मिळाला. नवीन आलेला सगळ्यात शेवटी, असा नियम. जुन्या शाळेत पहिलीपासून तिचा सतरा. तिच्या मागे अठरा नंबर तेजस्वी, बेंचवर शेजारीही तीच.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

डोकं फिरलंय. जुन्या शाळेचे वर्गशिक्षक श्यामकांत सर आज शीलाच्या मेडिकलमध्ये बीपीच्या गोळ्या घ्यायला आले आणि सांगून गेले, आमूचं नाव सहलीतून कमी झालं. का? तर दाखला गेला, नाव पटावरून कमी झालं. एसटीची सवलत पटावरच्या मुलांना, विमा पटावरच्या मुलांना, आणि यादीवर मोठ्या बाईंची सही.

वर सर म्हणाले म्हणे, "थोडं थांबायला हवं होतं." अरे, मग त्या दिवशी दाखला देताना तोंडात काय होतं? आमच्याकडून पैसे घेताना बरे गोड बोलता! मी उद्याच जाणार होतो, पण ओव्हरलॉकच्या चार मशीन बंद पडल्यात. शुक्रवारी बघतो एकेकाला.

आमू जेवली, ताट धुतलं, झोपली. मुलगी शांत आहे माझी, माझ्यावर गेली नाही हे बरं झालं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

जिंकलो!

मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये उभा राहून स्पष्ट सांगितलं, सहलीला नेत नाही तर पैसे परत. जरा आवाज चढला माझा, कबूल. शिपाई आत डोकावला. बाई मात्र ढिम्म. चष्मा पुसला, कपाट उघडलं, पाकीट काढलं. त्यावर आधीच आमूचं नाव लिहिलेलं होतं. "पूर्ण रक्कम आहे. मोजून घ्या आणि इथे सही करा." मला वाटलं होतं, किमान तासभर भांडावं लागेल. पाच मिनिटांत काम झालं. जरा हिरमुसलोच.

निघताना बाई म्हणाल्या, "चवदार तळं तिच्याकडे होतं." मी म्हटलं, हो, माहीत आहे.

माहीत कसलं, घरी येऊन शीलाला विचारलं. श्यामकांत सरांची एक पद्धत आहे. सहलीत प्रत्येक ठिकाणाचा एक वाटाड्या. चिठ्ठ्या टाकून ठरतो, मग त्या मुलाने दोन महिने तयारी करायची आणि तिथे पोचल्यावर वर्गाला सगळं सांगायचं. सर स्वतः एक शब्द बोलत नाहीत. आणि वाटाड्या आला नाही, तर त्याची जागा दुसऱ्याला देत नाहीत. वर्ग तिथे दोन मिनिटं गप्प उभा राहतो आणि पुढे जातो. तेजस्वीच्या चिठ्ठीत जंजिऱ्याची तोफ निघाली, आमूच्या चिठ्ठीत महाडचं चवदार तळं. विचित्र माणूस आहे हा मास्तर.

येताना अर्धा किलो जिलेबी आणली. पाकीट आमूच्या हातात दिलं, म्हटलं, बघ, बापाने एक रुपया सोडला नाही. तिने उघडून पाहिलं, परत दिलं आणि आत गेली. जिलेबी खाल्ली नाही. नवीन शाळेत होमवर्क फार देतात, दमली असेल.

सोमवार, १७ नोव्हेंबर

नवीन शाळेचीही सहल आहे. जानेवारीत, वांगणीजवळ कुठलंसं फार्महाउस, पोहायचा तलाव, जेवण तीन वेळा. बाकीच्या मुलांनी जूनपासून थोडे थोडे भरलेत, आपल्याला एकदम भरावे लागतील. मी म्हटलं, चिंता नाही, परत आलेले आहेत त्यातच भागेल. एक सहल गेली, दुसरी आली.

आमू म्हणाली, "नको पप्पा. पुढच्या वर्षी जाईन."

किती समजूतदार! तिच्या वयात मला जत्रेला नेलं नाही म्हणून मी दोन दिवस जेवलो नव्हतो. ही बापाचे पैसे वाचवते. पाकीट डायरीच्या मागच्या कप्प्यात ठेवलंय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हाफ डे होता. घरी आलो तर आमू गॅलरीत उभी राहून भिंतीशी बोलतेय आणि आई खुर्चीत बसून डोळे मिटून ऐकतेय. मला बघून दोघी गप्प. नवीन शाळेत वक्तृत्व स्पर्धा असणार. लाजते म्हणून सांगत नाही.

आईला लिहिता-वाचता जेमतेम येतं. अंबरनाथच्या काडेपेटीच्या कारखान्यात तिने तीस वर्षं पॅकिंग केलं. पण चूक काढायला एक नंबर. मी चहा ठेवत होतो, तर मागून ऐकू आलं, "घाई करू नको. आधी लोकांना पाणी बघू दे. मग बोल." स्पर्धेत कसलं पाणी? असेल त्यांचं काहीतरी.

शनिवार, २९ नोव्हेंबर

श्यामकांत सर परत मेडिकलमध्ये आले होते म्हणे, गोळ्या संपल्या. मागच्याच पंधरवड्यात महिन्याच्या नेल्या होत्या. माणसाला बीपीचा त्रास फार दिसतो. मी शीलाला म्हटलं, त्यांना सांग, इतक्या खाऊ नका. शीला हसली. आजारी माणसाला हसू नये.

बुधवार, ३ डिसेंबर

आज जे लिहितोय ते कुणाला दाखवायचं नाही.

सकाळी दाढी करत होतो. आमू बाहेर तेजस्वीशी फोनवर बोलत होती. तेजस्वीचा आवाज मोठा, स्पीकरची गरज नाही.

"ए, फिर तळ्यावर कोण बोलणार? मला बोलू दे ना तुझं, तू लिहून दे मला."

"सर देणार नाहीत. आणि मला पण नको द्यायचं."

"मग?"

"मग काय, गप्प उभे राहा दोन मिनिटं. तू माझ्या जागेवर जराशी जागा सोडून उभी राहशील?"

"सोडेन ना. सतरा नंबरची जागा सोडूनच उभी राहते मी प्रार्थनेला. बाई रोज ओरडतात, पुढे सरक म्हणून. नाही सरकत."

मी दाढी अर्धी टाकून बसलो. महिनाभर मी शाळेला शिव्या देतोय. क्लार्क म्हणाला होता डिसेंबरअखेर. शीला म्हणाली होती थांबा. एक कागद मला छाती फुगवून लवकर नेऊन द्यायचा होता, एवढंच. माझ्या पोरीची सहल शाळेने नाही, मी घालवली. आणि वर तिला पाकीट दाखवून जिलेबी चारायला निघालो होतो. मला माझीच लाज वाटली.

कामावर न जाता सरळ जुन्या शाळेत गेलो. मोठ्या बाईंना म्हटलं, बाई, चूक माझी आहे. दाखला रद्द करा, नाव परत चढवा, पैसे दुप्पट घ्या.

बाई म्हणाल्या, "पैशाचा प्रश्न कधी होता? ती आता दुसऱ्या शाळेच्या पटावर आहे. माझ्या यादीत नसलेलं मूल मी गाडीत घेतलं आणि घाटात काही झालं, तर मी तुमच्यासमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

यावर भांडता येत नव्हतं. त्यांचं बरोबर होतं. मी नमस्कार करून निघालो, तेव्हा त्या म्हणाल्या, "यादी फक्त गाडीपुरती असते हो." माझं सांत्वन करायला म्हणाल्या असतील. घरी सांगितलं नाही.

शनिवार, ६ डिसेंबर

आई पहाटे दादरला गेली ती संध्याकाळी आली. पाय सुजले होते. मी तेल लावून देत होतो, तर मध्येच म्हणाली, "विक्रांता, मला एकदा महाडला ने. चवदार तळं बघायचंय. पुढच्या वर्षी हे गुडघे साथ देतील का नाही, काय भरवसा."

नेमकं महाडच! आता पोरीच्या जखमेवर मीठ चोळायचं का? मी हळूच आमूकडे पाहिलं. ती लगेच म्हणाली, "जाऊ या ना पप्पा. आजीला बघायचंय तर." एवढ्याशा जिवाचं मन केवढं मोठं आहे!

शीला म्हणाली, "पुढच्या रविवारी जाऊ. शनिवारी त्यांची सहल महाडला असेल, वर्ग समोर दिसला तर पोरीला वाईट वाटेल." कपाटातून सहलीचा छापील कागद काढून तिने मला दाखवला. पहिला दिवस महाड-रायगड, दुसरा दिवस मुरुड-जंजिरा. बरोबर. या बाईचा विचार माझ्या दहा पावलं पुढे असतो. चार जणांचं भाडं कप्प्यातल्या पाकिटातून करायचं ठरवलं. त्या पैशाचं दुसरं काही करावंसं मला वाटतच नव्हतं.

शुक्रवार, १२ डिसेंबर

सर पुन्हा गोळ्या घेऊन गेले. कमाल आहे.

मी ठरवलंय, रविवारी पहाटे चारला निघायचं, दहापर्यंत तळं बघायचं आणि संध्याकाळच्या आत घरी. आई म्हणते, इतक्या लवकर तिला उठवत नाही. शीला म्हणते, सातला निघू. मी म्हटलं, सातला माणसं कामावर जातात, प्रवासाला नाही. तीन विरुद्ध एक मतांनी हरलो.

सोमवार, १५ डिसेंबर

रजा टाकलीये. काल जे झालं ते नीट लिहायचंय.

निघता निघता साडेसात झाले. पनवेलपर्यंत बस, तिथून महाडची एसटी. आईने वाटेत माणगावला उतरवलं, का तर चहा हवा. चहा झाल्यावर दुसरा चहा. ती गाडी गेली, पुढची पाऊण तासाने. महाडला पोचलो तो दीड वाजून गेला होता. मी म्हटलं, चला तळ्यावर. आई म्हणाली, आधी जेवू. जेवलो. मग म्हणाली, ऊन खाली होऊ दे, चक्कर येते. डिसेंबरात कसलं ऊन? एसटी स्टँडच्या बाकावर तिने चक्क डुलकी काढली. शीला दर पाच मिनिटांनी मोबाइल बघत होती. माझा पारा चढला होता, पण म्हाताऱ्या आईवर बाहेरगावी ओरडायचं नाही एवढं कळतं मला. सव्वातीनला शीलाचा मोबाइल वाजला आणि आईला आपोआप जाग आली. "चल," म्हणाली, आणि अशी चालायला लागली की रिक्षापर्यंत मीच मागे पडलो.

तळ्यापाशी उतरलो आणि समोर लाल एसटी उभी. काचेवर कापडी फलक. आमूची जुनी शाळा!

म्हटलं, झालं, ज्याला भीत होतो तेच. आमूला परत रिक्षात बसवणार होतो, तेवढ्यात श्यामकांत सर हात वर करून आले. "वा, काय योगायोग! अहो, मुरुडच्या होड्यांची वेळ बदलली, म्हणून आम्ही क्रम उलटा केला." मला खरंच वाटलं. मग मागून मोठ्या बाई आल्या, वाकून आईला म्हणाल्या, "काय आजी, गुडघे कसे आहेत?" आईचे गुडघे बाईंना कसे ठाऊक?

मी वळून आमूकडे बघितलं. सकाळपासून ती कॉलरपर्यंत बटणं लावून स्वेटर घालून बसली होती, एसटीत घाम येत होता तरी काढला नव्हता. आता तिने तो काढून शीलाच्या हातात दिला. आत जुन्या शाळेचा युनिफॉर्म, इस्त्री केलेला.

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. सगळा एकदम नाही, जरा जरा पडला. या बायकांनी, त्या मास्तरने आणि त्या मोठ्या बाईंनी मला महिनाभर मस्त फिरवलं होतं. रागवायला हवं होतं. मी शीलाला एवढंच विचारलं, "मला का नाही सांगितलं?" ती म्हणाली, "तुम्ही चार दिवस आधीच येऊन उभे राहिला असता."

मुलं पायऱ्यांवर उभी राहिली. तेजस्वी एक माणूस मावेल इतकी जागा सोडून. सर म्हणाले, "इथला वाटाड्या आपल्या यादीत नाही. पण तळं सगळ्यांचं आहे. इथे उभ्या असलेल्या कुणाला काही सांगायचं असेल, तर आपण ऐकू." आणि ते स्वतः मुलांच्या मागे जाऊन उभे राहिले.

आमू पुढे गेली. लगेच बोलली नाही. आईकडे बघितलं, मग पाण्याकडे वळून उभी राहिली. सगळी पोरं पाण्याकडे बघायला लागली. आणि मग ती बोलली.

सगळं मला आठवत नाही. तारखा सांगितल्या तिने, साल सांगितलं, बाबासाहेबांच्या मागून किती लांबून लोक आले ते सांगितलं. पण एक आठवतं. ती म्हणाली, "माझी आजी म्हणते, त्या दिवशी इथे आलेल्या सगळ्यांना तहान लागली नव्हती. तहान वाटेतल्या ओढ्यावरही भागली असती. पण ते इथपर्यंत चालत आले आणि ओंजळभर पाणी प्यायले. म्हणून आज आपण इथे नुसते फिरायला येऊ शकतो." मग विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?" एका पोराने विचारलं, तळं खोल किती. आमू म्हणाली, "ते मला माहीत नाही. शोधून सांगते." कुणी हसलं नाही.

ही माझी मुलगी! भिंतीशी बोलायची म्हणून मी जिला लाजरी समजत होतो. मी दिवसभर सेठ लोकांपुढे मान हलवणारा माणूस. मला आयुष्यात कधी चार माणसांसमोर "ते मला माहीत नाही" म्हणता आलेलं नाही. आई पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी होती. शीला रडत होती आणि मीही रडत होतो. ते मी लपवलं नाही.

सव्वाचारला गाडी सुटायची वेळ झाली. सर चढायच्या आधी हजेरी घेतात. रांग लागली. आमू आमच्याजवळ येऊन उभी राहिली. गाडीत तिला जागा नाही हे तिला माहीत होतं, तिने मागितलीही नाही.

"पंधरा." हजर. "सोळा." हजर. "अठरा."

कुणी बोललं नाही.

"अठरा!"

तेजस्वी तोंड मिटून उभी. सर म्हणाले, "तेजस्वी, उशीर होतोय." ती म्हणाली, "सर, आधी सतरा घ्या ना." सर म्हणाले, "बाळा, यादीत नाही." आणि ते मोठ्या बाईंकडे बघायला लागले. सगळी रांग बाईंकडे बघायला लागली. मीही.

बाई गाडीच्या पायरीवर उभ्या होत्या. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लिहू नका, सर," त्या म्हणाल्या. "नुसतं घ्या."

सर म्हणाले, "सतरा."

आमूने असा आवाज दिला की रस्त्यापलीकडचा चहावाला वळून बघायला लागला. मग अठरा, मग एकोणीस. गाडी गेली. ती वळणापर्यंत हात हलवत राहिली, आणि मग म्हणाली, "पप्पा, भूक लागली."

पाकिटातल्या उरलेल्या पैशांत चौघांनी वडापाव खाल्ले आणि परतीची तिकिटं काढली. पाकीट रिकामं झालं, पण वर तिचं नाव आहे, म्हणून ते याच कप्प्यात ठेवतोय. बाईंना लिहिता आलं नाही, त्यांच्या वहीला नियम आहेत. माझ्या डायरीला नाहीत. तारखा तर मी पहिल्या दिवसापासून माझ्याच लिहितोय.

रविवार, १४ डिसेंबर. चवदार तळे, महाड. सतरा नंबर, हजर.